काळा पट्टा किती वर्षांचा?



कराटेच्या वर्गात नवे मूल दाखल करावयास येणारे पालक बहुधा तीनच प्रश्न विचारतात. फी किती, वर्ग किती वाजता, आणि काळा पट्टा किती दिवसांत मिळेल? पहिल्या दोहोंची उत्तरे मी झोपेतूनही देईन. तिसऱ्यापाशी मात्र गेली वीस-बावीस वर्षे अडखळतो आहे. एकदा मी 'चार वर्षे' असे ठोकून सांगितले, तर समोरच्या बाईंनी बोटांवर हिशेब केला आणि "म्हणजे दहावीच्या आत होतंय की हो" असे म्हणत समाधानाने पैसे भरले. दुसऱ्या खेपेस मी 'नक्की सांगता येत नाही' म्हणालो, तर एक गृहस्थ खुर्चीवरून उठले. म्हणाले, "सर, पलीकडच्या गल्लीत दीड वर्षात देतात. तुम्हांला सांगतासुद्धा येत नाही म्हणजे काय?" त्यांनी मुलाचे नाव पलीकडे घातले आणि दीड वर्षाने त्याला खरोखरच काळा पट्टा मिळाला. मुलगा तेव्हा साडेनऊ वर्षांचा होता.

त्या गृहस्थांना जे उत्तर मला तेव्हा देता आले नाही ते आज येथे द्यावे, असा विचार आहे. पाल्हाळाची भीती वाटणाऱ्यांसाठी गाभ्याची गोष्ट आधीच सांगून टाकतो. आठवड्यातून दोन-तीनदा नेमाने येणाऱ्या माणसाला, बऱ्यापैकी कसोशीने शिकविणाऱ्या वर्गात, साधारणपणे तीन ते पाच वर्षे लागतात. पुष्कळांना सहा-सात लागतात. रोज दोन-दोन तास अंग मोडून घेणारा तरुण दोन वर्षांच्या आतही तेथवर पोहोचतो. उत्तर एवढेच आहे. परंतु इतक्या निरनिराळ्या मुदती एकाच पट्ट्याला का लागाव्यात, आणि मुळात मिळावयाचे ते काय, हे पाहिल्यावाचून या आकड्यांना काही अर्थ नाही.

प्रथम पट्टा आला कोठून ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की जपानात हजार वर्षांपूर्वी कोणी साधू डोंगरावर बसून शिष्यांना काळे पट्टे वाटत असे. वस्तुस्थिती फार वेगळी आहे. काळा पट्टा ही कराटेची वस्तूच नव्हे. ती ज्युदोतून आली, आणि ती काढली एका शाळामास्तराने. कानो जिगोरो हे त्यांचे नाव. जन्म १८६०, मृत्यू १९३८. तोक्योच्या उच्च शिक्षक-महाविद्यालयाचे ते दीर्घ काळ प्रमुख होते. १८८२ साली एका बौद्ध मंदिराच्या आवारात त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली. जुन्या जुजुत्सूच्या गुरुकुलांत शिष्याला मधूनमधून सनदा देत, पण दोन सनदांमध्ये इतकी वर्षे जात की मधल्या काळात शिष्याचा हुरूप टिकत नसे. कानोंनी मास्तराच्या डोळ्यांनी या गोष्टीकडे पाहिले आणि वर्ग-इयत्ता पाडल्या. 'गो' नावाच्या पटावरील खेळात खेळाडूंची प्रतवारी 'दान' या शब्दाने सतराव्या शतकापासून होत असे. तोच शब्द त्यांनी उचलला. दान म्हणजे पायरी. आपल्या दानधर्माशी किंवा सोंगट्यांच्या दानाशी या शब्दाचा काही संबंध नाही, जरी काही वर्गांत तो पट्टा दानधर्मासारखा वाटला जातो आणि काही ठिकाणी सोंगटीच्या दानासारखा नशिबाने पडतो, हेही खरे आहे.

जगातील पहिले 'पहिले दान' १८८३ साली तोमिता त्सुनेजिरो आणि साइगो शिरो या दोघांना मिळाले. शाळा उघडून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते! काळा पट्टा बांधण्याची चाल त्यानंतर, १८८६ च्या सुमारास पडली. म्हणजे हा 'प्राचीन' पट्टा आपल्या काँग्रेसच्या स्थापनेहून एखाद्या वर्षाने धाकटाच आहे.

आता कराटेकडे वळू. कराटे हे ओकिनावा बेटाचे. हे बेट पूर्वी र्‍यूक्यू नावाच्या स्वतंत्र राज्याचे होते. १६०९ साली जपानच्या सात्सुमा सरदारांनी त्यावर चाल केली आणि १८७९ साली ते जपानचा एक प्रांत झाले. चीनकडून आलेले मुष्टियुद्ध आणि स्थानिक हातचलाखी यांच्या मिश्रणातून तेथे जी विद्या वाढली, तिला पट्टा नव्हता, परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. तिच्यात काळ कसा मोजत असत, हे फुनाकोशी गिचिन यांच्या चरित्रावरून दिसते. हे फुनाकोशी (१८६८ ते १९५७) म्हणजे कराटे जपानच्या मुख्य भूमीवर नेणारे गृहस्थ. हेही पेशाने शाळामास्तरच. या विद्येत मास्तरांचा भरणा का असावा, हा एक स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

फुनाकोशी तरुणपणी रात्री आझातो नावाच्या आपल्या गुरूंच्या घरी जात. चांदणे नसले की मिणमिणता कंदील हाती असे. परसात उभे राहून एकच काता, म्हणजे हालचालींचा एकच ठरीव क्रम, पुन्हा पुन्हा करावयाचा. आझातो ओसरीवर बसून पाहात. शिष्याचे कौतुक असे सहसा नाहीच. फार तर 'पुन्हा' किंवा 'आणखी थोडे' असे म्हणत. दिवसच्या दिवस, महिनेच्या महिने, तोच क्रम. रात्री-अपरात्री घराबाहेर असणाऱ्या या तरुण मास्तराविषयी शेजाऱ्यांना भलताच संशय येई, असे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात मिस्किलपणे लिहून ठेवले आहे. तेक्की नावाचे तीन काता आहेत. ते तीन शिकण्यात त्यांची दहा वर्षे गेली. आजच्या वर्गात त्यांपैकी पहिला काता तपकिरी पट्ट्याच्या मुलाला चार-सहा महिन्यांत उरकावा लागतो.

१९२२ साली तोक्योत शिक्षणखात्याच्या वतीने एक व्यायामप्रदर्शन भरले, त्यासाठी फुनाकोशी ओकिनावाहून आले. तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते. कानोंनी त्यांना कोदोकानात प्रात्यक्षिकासाठी बोलाविले. प्रात्यक्षिक झाल्यावर कानोंनी जो प्रश्न विचारला तो ऐकून माझ्या वर्गातील पालकांना धीर येईल: हे सगळे काता आत्मसात करावयास किती काळ लागेल? अहो, ज्युदोचा जनक, आणि प्रश्न मात्र आपल्याच वर्गाच्या दारातला! फुनाकोशींनी अदबीने सांगितले की एक वर्षाहून अधिक लागेल. तीन कात्यांना दहा वर्षे देणाऱ्या माणसाचे हे उत्तर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातील सौजन्य कळते. मलाही पालकांना असेच उत्तर देता आले असते, पण मला ते साधत नाही.

फुनाकोशी मग तोक्योतच राहिले. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात ते राहात, अंगण झाडीत, पडेल ते काम करीत आणि कराटे शिकवीत. कानोंची दान-पद्धत त्यांनी स्वीकारली आणि १९२४ च्या एप्रिलमध्ये आपल्या काही शिष्यांना पहिले दान दिले. कराटेतील काळ्या पट्ट्याचा जन्म हा असा. येथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. १९२२ ते १९२४ म्हणजे दोन वर्षेसुद्धा भरत नाहीत. तेव्हा पलीकडच्या गल्लीतले दीड वर्ष ऐतिहासिक दृष्ट्या अगदीच निराधार नाही! मात्र त्या शिष्यांत ओत्सुका हिरोनोरी होते, जे लहानपणापासून जुजुत्सूत मुरलेले होते आणि पुढे ज्यांनी वादो-र्‍यू हा स्वतंत्र संप्रदाय काढला. गिमा शिन्किन होते, ते ओकिनावातच शिकून आलेले. साडेनऊ वर्षांचे कोणी नव्हते.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. मियागी चोजुन (१८८८ ते १९५३) यांनी गोजू-र्‍यू संप्रदाय स्थापिला. क्योतोच्या बुतोकुकाई या मोठ्या युद्धकला-संस्थेने कराटेला मान्यता दिली त्यांत त्यांचा मोठा वाटा होता. परंतु हयातीत त्यांनी एकाही शिष्याला दान दिले नाही. त्यांच्याकडे पंधरा-वीस वर्षे घाम गाळलेली माणसे गुरूच्या मृत्यूच्या दिवशी कागदोपत्री कोणीच नव्हती. तेव्हा 'काळ्या पट्ट्याला किती वर्षे लागतात' या प्रश्नाचे मियागींच्या अंगणातील उत्तर 'अनंत' असे होते, आणि ती माणसे कराटेत कोणाला हार जात होती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

पट्टा बांधता बांधता धुळीने नि घामाने पांढऱ्याचा तपकिरी आणि तपकिरीचा काळा होई, म्हणून तो काळा, अशी एक गोड कथा सर्व वर्गांत सांगतात. मीही पुष्कळ वर्षे सांगत होतो. ती खरी नाही. जपानी माणसाइतका स्वच्छतेचा भोक्ता जगात विरळा. तो इतका मळका पट्टा कमरेला बांधून गुरूपुढे उभा राहील, हे संभवतच नाही. मधले पिवळे, नारिंगी, हिरवे, निळे, जांभळे रंगही जपानी परंपरेतील नव्हेत. १९२० व ३० च्या दशकांत लंडन आणि पॅरिस येथील ज्युदोच्या वर्गांत ते रूढ झाले. पॅरिसला शिकविणारे कावाइशी मिकिनोसुके यांना त्यांच्या प्रसाराचे बरेचसे श्रेय देतात. युरोपातील विद्यार्थ्याला वर्षानुवर्षे पांढऱ्याच पट्ट्यावर थांबणे मानवेना, त्याला मधूनमधून काही दिसावयास हवे होते. आपल्या मुलांनाही ते हवे असते आणि त्यात वाईट काही नाही. पण हे रंग मुक्कामाचे दगड आहेत. रस्ता कोणी आखला, यावर दगडांची संख्या अवलंबून असते.

सामान्यतः रस्ता असा आखलेला असतो. काळ्याच्या खालील पायऱ्यांना 'क्यू' म्हणतात आणि त्या उलट्या मोजतात. नवखा दहावा क्यू, आणि पहिला क्यू म्हणजे काळ्याच्या उंबरठ्यावरचा. दहाव्यापासून चौथ्यापर्यंत सहा परीक्षा. त्या चार-चार महिन्यांनी झाल्या तर दोन वर्षे. तेथून तपकिरी पट्टे सुरू होतात आणि मुदती वाढतात. उरलेल्या चार परीक्षा सहा-सहा महिन्यांनी धरल्या तर आणखी दोन वर्षे. एकूण चार. यात एकही नापासी धरलेली नाही, टायफॉइड धरलेला नाही, बारावी धरलेली नाही, मामाचे लग्न धरलेले नाही. म्हणून पाच.

पण वर्षे मोजणे हीच मुळात चूक आहे. तास मोजावयास हवेत. आठवड्याला दोन वर्ग, दीड-दीड तासाचे, म्हणजे तीन तास. गणपती, दिवाळी, सहामाही, वार्षिक परीक्षा वगळून वर्षाचे पंचेचाळीस आठवडे धरा. वर्षाला १३५ तास होतात आणि चार वर्षांना ५४०. आता जपानी विद्यापीठातील कराटे-मंडळाचा विद्यार्थी घ्या. तो आठवड्याला सहा दिवस दोन-दोन तास येतो असे धरू. बारा तास गुणिले पंचेचाळीस, म्हणजे एका वर्षात ५४०! आपला चार वर्षांचा आणि त्याचा एका वर्षाचा पट्टा तासांच्या काट्यावर सारखाच भरतो. जपानात एकदीड वर्षात काळा पट्टा मिळतो हे ऐकून जे चकित होतात, त्यांनी हा हिशेब मांडून पाहावा. ऐकिदो या भगिनी-विद्येच्या योशिन्कान शाखेत तर तोक्योच्या दंगलविरोधी पोलिसांबरोबर एक अकरा महिन्यांचा अभ्यासक्रम चाले, ज्यात परकी नवशिकेही दाखल होऊन अखेरीस काळा पट्टा घेऊन बाहेर पडत. रॉबर्ट ट्विगर नावाच्या इंग्रज लेखकाने तो पुरा केला आणि १९९७ साली त्यावर पुस्तक लिहिले. गुडघे सोलवटलेले, सांधे सुजलेले, आणि आठवड्याचे पाच दिवस तेच. मुदत थोडी, पण कष्टात सूट नाही.

पलीकडच्या गल्लीतले दीड वर्ष याच काट्यावर घाला. सुमारे दोनशे तास भरतात. त्यातून रांग लावणे, हजेरी, पाणी पिणे आणि फोटो वजा करा.

मग रोज आठ तास करून तीन महिन्यांत का होऊ नये, अशी शंका कोणी चतुर माणूस काढील. याला एक जुने पण सुंदर प्रयोगाचे उत्तर आहे. ब्रिटिश टपालखात्याच्या लोकांना टंकयंत्रासारखा कळफलक शिकवावयाचा होता. १९७८ साली बॅडली आणि लाँगमन या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले की रोज एकच तास शिकणाऱ्यांना ते कसब यावयास रोज चार तास शिकणाऱ्यांपेक्षा एकूण तास कमी लागले. दिवस अर्थातच अधिक लागले. आणि गंमत अशी की, हे एक तासवालेच आपल्या प्रगतीवर सर्वांत नाखूष होते, कारण त्यांना शेजारचे लोक भराभर पुढे जाताना दिसत होते! कळफलक काय नि ठोसा काय, दोन्ही शरीराच्या सवयी आहेत. सवय मुरावयास मध्ये रात्री जाव्या लागतात. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात, पण हाडांना बांधणारे तंतू फार सावकाश कणखर होतात. घाई करणाऱ्यांचे गुडघे आणि मनगटे प्रथम बोलू लागतात ती यामुळे.

या पाचशे तासांत करतात तरी काय, असे कोणी विचारील, तर मी एकाच ठोशाचे उदाहरण घेतो. ओई-झुकी म्हणजे पाऊल पुढे टाकून त्याच बाजूच्या हाताने मारलेला सरळ ठोसा. दाखवावयास अर्धे मिनिट लागते. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, टाच जमिनीला चिकटलेली. मागचे पाऊल सरकत पुढे यावयाचे, आणि ते टेकते त्याच क्षणी मूठ पोहोचावयाची. दुसरी मूठ त्याच क्षणी कमरेला परत. पहिले सहा महिने विद्यार्थी हाताने मारतो. खांदा वर चढतो, टाच सुटते, आणि पाऊल टाकताना डोके बोटीसारखे वरखाली होते. वर्षभराने डोके स्थिर होते. मग कळते की जोर हातात नव्हताच, तो मागच्या टाचेतून कमरेत आणि कमरेतून खांद्यात जावयाचा आहे. हे कळते, पण अंगाला येत नाही. दुसऱ्या वर्षी केव्हा तरी, बहुधा शिक्षकाचे लक्ष नसताना, एकदा तसा ठोसा बसतो आणि विद्यार्थी स्वतःच दचकतो. पुन्हा तो आठ दिवस बसत नाही. तिसऱ्या वर्षी दहांतले पाच बसू लागतात. एवढे होईतो समोर नुसती हवा होती. आता समोर माणूस येतो. तो मागे सरकतो, हूल देतो, आणि बसत असलेले पाच ठोसे पुन्हा शून्यावर येतात. चौथे वर्ष त्यात जाते.

हा झाला एक ठोसा. त्याखेरीज अडविण्याचे चार-पाच प्रकार, लाथांचे तीन-चार, आणि काता. शोतोकान संप्रदायात हेइआन नावाचे पाच काता काळ्या पट्ट्याच्या आत येतात. हे पाच इतोसू आन्को यांनी ओकिनावाच्या शाळकरी मुलांसाठी रचिलेले. मूळ नाव पिनान. त्यानंतर पहिला तेक्की, आणि परीक्षेला बहुधा बास्साइ-दाइ. परीक्षकाला क्रम पाठ आहे की नाही यात फारसा रस नसतो. क्रम सर्वांनाच पाठ असतो. मुलगा शेवटच्या दहा हालचालींत, दम संपल्यावर, टाच उचलतो की नाही, हे तो पाहतो. क्योकुशिन नावाच्या कणखर संप्रदायात, जो ओयामा मासुतात्सू यांनी काढला, अनेक शाखांत पहिल्या दानाच्या उमेदवाराला एकामागून एक दहा जणांशी लढावे लागते. तेथे तर काही लपविता येतच नाही.

आता लहान मुलांविषयी. मला स्पष्ट बोलले पाहिजे, कारण आज या सभागृहात माझ्या वर्गातले काही पालक बसलेले दिसतात. आठ-दहा वर्षांच्या मुलाला काळा पट्टा मिळू नये, असे मी म्हणत नाही. पण तो मोठ्या माणसाचा काळा पट्टा समजू नये. मुलाच्या हाडांची टोके वाढत असतात, म्हणून त्याला कठीण वस्तूवर मुठी आपटावयास लावणे हा अपराध आहे. आणि पट्टा काळा झाला म्हणून वजन वाढत नाही. कोरियाच्या तायक्वांदो या विद्येने यातून सरळ मार्ग काढला आहे. तेथील कुक्कीवोन संस्था पंधरा वर्षांखालील मुलांना 'दान' देतच नाही, 'पूम' देते, आणि पट्टा अर्धा तांबडा, अर्धा काळा असतो. कराटेतही अनेक ठिकाणी मुलांचा पट्टा वेगळा नोंदवितात आणि सोळा-अठराव्या वर्षी पुन्हा परीक्षा घेतात. पलीकडच्या गल्लीतील त्या साडेनऊ वर्षांच्या मुलाला शाळेच्या पटांगणात थोराड मुलांनी 'दाखव रे तुझा काळा पट्टा' म्हणून घेरले तेव्हा काय झाले, ते मी येथे सांगत बसत नाही. तो पुढे कोणत्याच वर्गाला गेला नाही.

दुसऱ्याच्या गल्लीची गोष्ट सांगितली, तर आपलीही सांगितली पाहिजे. एका विद्यार्थ्याच्या वडिलांची बदली व्हावयाची होती. मुलगा दुसऱ्या तपकिरी पट्ट्यावर होता. गुणी होता, पण तयार नव्हता. वडील म्हणाले, "सर, इतकी वर्षे आला, आता रिकाम्या हाताने जाऊ नये." मला नाही म्हणवले नाही. नव्या गावच्या शिक्षकांनी त्याला पहिल्याच दिवशी लढतीत उभे केले आणि दुसऱ्या दिवशी पांढरा पट्टा बांधून शेवटच्या रांगेत उभा राहा म्हणून सांगितले. त्या मुलाने मला फोन केला नाही, त्याच्या आईने केला. "तुम्ही त्याला थांबवलं असतंत तर बरं झालं असतं हो," एवढेच त्या म्हणाल्या. तपकिरी पट्ट्यावर तो गेला असता तर त्याला कोणी हलविले नसते.

हे असे का होते? यात पैशाचा भाग आहे, आणि तो माझ्याच धंद्यातला असल्याने मीच सांगितलेला बरा. मासिक फीवर जागेचे भाडे निघते. शिक्षकाच्या हाती जे उरते ते परीक्षांच्या फीमधून. दहा परीक्षा म्हणजे दहा वेळा फी, दहा पट्टे, दहा प्रमाणपत्रे. रंगाच्या मध्ये एकेक पट्टी टाकून दहाच्या पंधरा करता येतात. नापास केलेला विद्यार्थी वर्ग सोडण्याचा संभव, पास केलेला पुढची फी भरण्याचा संभव. परीक्षक आणि दुकानदार एकच माणूस असला की तराजू कोठे झुकेल हे उघड आहे. मोठ्या संस्था काळ्या पट्ट्यासाठी बाहेरचा परीक्षक आणतात ते यासाठीच. जगातील सर्व कराटेवर सत्ता चालविणारी एकच संस्था नाही. कोणीही फलक लावावा, कोणीही पट्टा द्यावा. फ्रान्सने मात्र याबाबतीत कायदा केलेला आहे. तेथे अधिकृत मंडळाने दिल्यावाचून 'दान' मिरविता येत नाही.

आणखी एक गैरसमज दूर करतो. दहावीला जे क्रीडागुण मिळतात ते स्पर्धेतील कामगिरीचे, पट्ट्याच्या रंगाचे नव्हेत. तेव्हा बोटांवर हिशेब करणाऱ्या त्या बाईंची घाई व्यर्थ होती. हे मी त्यांना पुढे सांगितले. त्यांची मुलगी मात्र अजून येते.

पहिल्या दानाला जपानीत 'शोदान' म्हणतात. 'शो' म्हणजे आरंभ. आरंभाची पायरी. ज्याला अक्षरे लिहिता येऊ लागली, आता लेखन शिकवावयास हरकत नाही, असा मुलगा. त्यापुढे अनेक संस्थांत दुसऱ्या दानाला दोन वर्षे, तिसऱ्याला तीन, चौथ्याला चार अशी थांबण्याची रीत आहे; म्हणजे पहिल्यापासून चौथ्यापर्यंत नऊ वर्षे. पण माझा अनुभव असा की काळा पट्टा मिळाल्यानंतरच्या सोमवारी वर्गाला येणारे थोडेच. ज्या दिवशी खरे शिकविता आले असते त्या दिवशी मुले निरोप घेतात, आणि याला कारण आम्हीच. चार वर्षे आम्ही त्यांना पट्ट्याचेच गाजर दाखविलेले असते.

२०२१ साली तोक्योला ऑलिंपिक झाले, त्यात कराटे प्रथमच होते. पुरुषांच्या काता-स्पर्धेचे सुवर्णपदक किऊना र्‍यो याने मिळविले. तो ओकिनावाचाच, वय एकतीस, पाच वर्षांचा असल्यापासून शिकत आलेला. महिलांत स्पेनची सांद्रा सांचेस जिंकली, वय एकोणचाळीस. काळा पट्टा त्या दोघांच्या कमरेला कितीतरी वर्षे होता. २०२४ च्या पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कराटे नव्हते.

मूल कोठे घालावे हे ठरविण्यासाठी, काळा पट्टा किती दिवसांत, याऐवजी काही निराळे विचारा. गेल्या वर्षी तुमच्या परीक्षेत किती जण नापास झाले? एकही नाही असे उत्तर आले तर उठावयास हरकत नाही. काळ्या पट्ट्याची परीक्षा कोण घेतो, तुम्ही की बाहेरचा माणूस? एकंदर परीक्षा किती आणि त्यांची सगळ्यांची मिळून फी किती? तुमच्याकडे काळा पट्टा मिळाल्यावरही येत राहिलेली माणसे आहेत का, आणि असल्यास त्यांचा वर्ग मला पाहता येईल का? या शेवटच्या प्रश्नाला बऱ्याच जागी शांतता पसरेल. माझ्या वर्गातही ती अधूनमधून पसरते. सध्या असे सात जण आहेत.

चाळिशी उलटलेल्यांनी सुरू करावे काय, असे मघाशी चहाच्या वेळी दोघांनी विचारले. अवश्य करावे. गुडघे आणि रक्तदाब आधी डॉक्टरांना दाखवावेत, उड्या मारणाऱ्या पोरांशी बरोबरी करू नये, आणि पाच-सहा वर्षे धरून चालावे. मोठ्यांचा वर्ग मंगळवारी व शुक्रवारी पहाटे सहाला असतो. पावसाळ्यात साडेसहाला.